चित्रातला दगड आणि चित्राबाहेरचे हात

लंडनच्या गिल्डहॉल कलादालनात एडवर्ड पॉइंटर या चित्रकाराचे एक लांबट चित्र आहे. नाव ‘इजिप्तमधील इस्राएल’, साल 1867. चाकांच्या भल्यामोठ्या गाड्यावर तांबड्या दगडाचा अजस्र सिंह बसवला आहे आणि माणसांच्या रांगाच्या रांगा दोर खांद्यावर घेऊन तो ओढत आहेत. कुणी उन्हाने कोसळला आहे, कुणाच्या डोक्यावर मुकादमाचा आसूड उगारलेला आहे, मागे देवळांची आणि पिरॅमिडांची गर्दी आहे. सिंहाचे रूप पॉइंटरने ब्रिटिश म्युझियममधल्या खऱ्या इजिप्शियन सिंहांवरून घेतले. चित्र विकत घेतले ते जॉन हॉकशॉ या नामांकित इंजिनिअरने. असे सांगतात की, इतक्या माणसांनी एवढा दगड हलणार नाही, असा हिशेब त्याने मांडला आणि मग पॉइंटरने दोराला आणखी माणसे लावली. ही हकीकत किती खरी आणि किती तिखटमीठ लावलेली कोण जाणे, पण त्या काळाचे मन तिच्यात पुरेपूर उतरले आहे. रेल्वेचे पूल आणि बोगदे बांधणाऱ्या पिढीला जुन्या जगाने दगड कसा फोडला, कसा वाहिला, कसा उभा केला याचे खरेखुरे कुतूहल होते.

पुढच्याच वर्षी, 1868 मध्ये, लॉरेन्स अल्मा-टाडेमाने फिडियसला रंगवले. पार्थेनॉनच्या माथ्याजवळ परांचीवर फिडियस उभा आहे आणि आपली शिल्पपट्टी पेरिक्लीस, अस्पाशिया अशा पाहुण्यांना दाखवतो आहे. पट्टीवरची माणसे आणि घोडे पांढरेफटक नाहीत, रंगवलेले आहेत. ग्रीक शिल्पांवर रंग असे, हे तेव्हा अनेकांना रुचत नव्हते. अल्मा-टाडेमाने ते बेधडक दाखवले. पुढे लंडनला स्थायिक झाल्यावर संगमरवर रंगवावा तर याने, अशी त्याची ख्याती झाली. त्याच्या चित्रांतल्या पायऱ्यांवर हात ठेवला तर गारवा लागेल असे वाटते. या चित्रात शिल्पकाराला नाव आहे, चेहरा आहे, आणि शहरातली बडी माणसे शिडी चढून त्याचे काम बघायला आली आहेत.

ही दोन चित्रे मी मुद्दाम आधी मांडली. या पुस्तकात जी चित्रे आहेत ती त्याच दशकांतली आणि त्याच राज्यकर्त्या समाजाच्या नजरेतून निघालेली आहेत. मात्र ती अजिंठ्याची, वेरूळची, लोणारची, मार्कंडीची, आमच्या नागपूरजवळच्या जुनापाणीची आहेत. त्यांत खांब आहेत, चौकटी आहेत, शिखरे आहेत, दगडांची वर्तुळे आहेत. कारागीर मात्र नाही. इजिप्तच्या गुलामाला आणि अथेन्सच्या शिल्पकाराला चित्रात जागा मिळाली, सातवाहनांच्या किंवा वाकाटकांच्या पाथरवटाला ती मिळाली नाही. हा फरक कसा पडला आणि ती रिकामी जागा आज आपल्याला कशी भरता येईल, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

राणी व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 मध्ये. त्याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. दोनच वर्षांनी, 1839 मध्ये, जेम्स फर्ग्युसन अजिंठ्याला आला. हा मूळचा निळीचा व्यापारी. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण नाही, पण डोळा विलक्षण आणि चिकाटी त्याहून मोठी. कॅमेरा ल्युसिडा नावाच्या लोलकाच्या साधनातून तो लेण्यांची प्रमाणबद्ध रेखाटने करी. त्यांवरून टी. सी. डिबडिनने शिळाछाप चित्रे केली आणि 1845 मध्ये ती ग्रंथरूपाने लंडनला निघाली. आपल्या लेण्यांची इंग्लंडच्या वाचकाला झालेली ही भरघोस ओळख. चित्रे देखणी आहेत. डोंगराचा कडा, झाडोरा, लेण्याच्या तोंडाशी सावली, आणि त्या सावलीत एकदोन पागोटेवाले. हे पागोटेवाले बहुतेक वेळा बसलेले किंवा टेकून उभे. त्यांचे काम एकच: खांब किती उंच आहे हे बघणाऱ्याला कळावे.

फर्ग्युसनने 1843 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि लेण्यांची नोंद तातडीने व्हायला हवी असा आग्रह धरला. त्यातून मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याला नेमला गेला. गिलचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्याची आणि पारोची कथा कवितेतून, चित्रपटातून घरोघर पोचली आहे. त्याच्या कामाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली आणि 1866 च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या जवळपास सगळ्या जळाल्या. त्याच्यामागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपले विद्यार्थी बरोबर घेऊन 1872 ते 1885 या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. चित्रांच्या नोंदीचे असे दोनदा भस्म झाले.

गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि विदर्भाच्या दृष्टीने त्याचे हे काम फार मोलाचे आहे. तो अजिंठ्याबाहेर पडला, वऱ्हाडात फिरला. लोणारची देवळे, मुक्तागिरीची जैन मंदिरे त्याने टिपली. 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत अनेक दुहेरी होती. विशिष्ट चष्म्यातून पाहिली की खांब पुढे येतो, गाभाऱ्याचा अंधार मागे जातो. दगडाची खोली दाखवायला याहून चांगले साधन त्या काळात नव्हते. गिल 1879 मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

या माणसांचे आपल्यावर ऋण आहे. पुढे कोसळलेले, कुणी उचलून नेलेले, दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटने लिंपलेले कितीतरी भाग आज त्यांच्याच चित्रांत शाबूत सापडतात. ही कृतज्ञता मनात ठेवूनच पुढचे लिहितो.

मग कारागीर का सुटला? एक कारण फर्ग्युसनच्या सिद्धांतात आहे. भारतीय शिल्पकला सुरुवातीला, बौद्ध काळात, शुद्ध होती आणि पुढे उतरत गेली, असे त्याचे ठाम मत होते. 1876 च्या त्याच्या वास्तुकलेच्या मोठ्या इतिहासात हे सूत्र सर्वत्र आहे. इमारत बघून तिचा काळ ठरवायचा, तिची जात ठरवायची, तिला शिडीच्या एखाद्या पायरीवर बसवायचे, ही त्याची पद्धत. तिच्यात इमारतींचा वंशवृक्ष तयार होतो, पण छिन्नी धरणाऱ्या माणसाची गरज कुठेच पडत नाही. दुसरे कारण जॉन रस्किनचे. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चचा दगड घडवणाऱ्या मजुराच्या स्वातंत्र्याबद्दल रस्किनइतके जीव ओतून त्या शतकात कुणीच लिहिले नाही. तोच रस्किन 1857 च्या उठावानंतरच्या व्याख्यानांत भारतीय अलंकरण निसर्गाला पाठमोरे आहे म्हणून त्याला दूर सारतो. व्हेनिसच्या पाथरवटाला दिलेला न्याय त्याने वेरूळच्या पाथरवटाला दिला असता तर या विषयाचा इतिहास निराळा झाला असता, असे मला मनापासून वाटते. तिसरे कारण जॉर्ज बर्डवुडचे. मुंबईत राहून गेलेल्या या गृहस्थाने 1880 च्या ग्रंथात इथल्या हस्तव्यवसायांची मुक्त कंठाने स्तुती केली, पण ती विणकर, तांबट, सोनार यांच्यापाशी थांबली. उच्च कला म्हणून मूर्तीला मान द्यायला तो तयार नव्हता.

आणि तरीही जिवंत कारागीर त्यांना दिसत नव्हता असे नाही. लॉकवूड किपलिंग 1865 मध्ये वास्तुशिल्प शिकवायला जे. जे. मध्ये आला. 1870 मध्ये उत्तर हिंदुस्थानात फिरून त्याने कारागिरांची जी रेखाटने केली ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मांडी घालून बसायची ढब, पायाच्या बोटांत काम दाबून धरणे, हत्यार धरायची पकड, सगळे त्याने प्रेमाने टिपले आहे. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवर जी पाने, पक्षी, मुखवटे आले ते ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या आणि इथल्याच कारागिरांच्या हातून. म्हणजे मुंबईत इमारतीवर चढणारा पाथरवट रोज डोळ्यांपुढे होता, आणि कार्ल्याचा चैत्य कोरणारा त्याचा पूर्वज चित्रात आणावा असे कुणाला सुचले नाही. पॉइंटरने मॉडेल समोर बसवून इजिप्तचा मजूर रंगवला. तेच वेरूळबाबत करायला काहीच अडचण नव्हती.

इथे एक नाव आठवणे भाग आहे. व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढीतले, पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटांचे. 1790 च्या दशकात पुण्याच्या रेसिडेन्सीत चार्ल्स मॅलेटच्या पदरी आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर त्यांनी काम केले. वेरूळला जाऊन लेणी रेखाटली. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 1803 मध्ये वेरूळची चित्रे छापली आणि ती युरोपात गाजली. गंगारामांचे कागद मात्र दीर्घकाळ दप्तरात राहिले. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. कारागिरांच्या कुळातला मराठी माणूस कारागिरांचे काम रेखाटतो आहे, अशी ही दुर्मीळ जागा. त्यांच्या चित्रांत लेणी ओसाड अवशेष वाटत नाहीत. तिथे साधू राहतात, माणसे येतात-जातात, आणि एका चित्रात तर त्यांनी स्वतःलाही गुरूसमोर दाखवले आहे.

आता नागपूर. इथल्या शाळकरी मुलांना ‘अजब बंगला’ सहलीतून माहीत असतो. हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल हा स्वतः जलरंगात निसर्गचित्रे काढणारा. त्याच्या आगेमागे इथे एक स्कॉटिश मिशनरी होता, स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपुरात आलेला हा धर्मोपदेशक मनाने भूशास्त्रज्ञ होता. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्व कडेवर बसले आहे. पश्चिमेला काटोलकडे निघालात की काळा पाषाण. उत्तरेला कामठी, सिलेवाड्याकडे वळलात की वालुकाश्म. सिलेवाड्याच्या खाणींत पाथरवटांनी थर सोडवले की आत जुन्या वनस्पतींचे ठसे निघत. ते ठसे हिस्लॉपने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने गोळा केले, आणि त्यांवरचा निबंध 1850 च्या दशकात लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. भूशास्त्राच्या ग्रंथांत आज ‘कामठी थर’ म्हणून जे नाव रूढ आहे, त्याच्यामागे या खाणी आहेत. दगड कुठल्या रेषेवर फुटतो हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते त्यांच्यामुळे हे ठसे उजेडात आले. निबंधात त्यांची नावे अर्थातच नाहीत.

1863 च्या सप्टेंबरात हिस्लॉप आणि टेम्पल नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेले. प्राचीन माणसांनी मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली ही दफनस्थळे. परतीच्या वाटेवर, 4 सप्टेंबरला, पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना हिस्लॉप बुडून मेला. वय 45. नागपुरात त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. हिस्लॉप कशाच्या शोधातून परतताना गेला हे तिथे शिकून बाहेर पडणाऱ्या किती जणांना कुणी सांगितले असेल?

हिस्लॉपनंतर या वर्तुळांकडे वळला जे. एच. रिव्हेट-कार्नॅक, कापूस खात्याचा आयुक्त. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावू लागला, त्या धामधुमीतला हा अधिकारी. जुनापाणीला त्याने काही वर्तुळे उघडली. सुमारे 300 वर्तुळांचा हा पसारा आहे. वर्तुळाच्या काही धोंड्यांवर त्याला वाटीच्या आकाराच्या लहान लहान खळग्या दिसल्या, ओळीने कोरलेल्या. क्लोरोफॉर्ममुळे प्रसिद्ध झालेले एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी स्कॉटलंडच्या शिळांवरच्या अशाच खळग्यांचे सचित्र पुस्तक 1867 मध्ये काढले होते. रिव्हेट-कार्नॅकने दोन्हीकडच्या आकृत्या शेजारी ठेवल्या आणि साम्य पाहून तो थक्क झाला. 1879 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला. दोन्हीकडचे लोक मुळात एकाच कुळातले असावेत, अशा दिशेने त्याचा तर्क धावला. फर्ग्युसननेही 1872 च्या ग्रंथात जगभरच्या शिलास्मारकांबरोबर भारतातली वर्तुळे घेतली होती.

ते तर्क आज कुणी मानत नाही. रिव्हेट-कार्नॅकच्या आकृत्या मात्र अजून बोलतात. काळा पाषाण हा फार चिवट दगड. त्याच्यावर एक खळगी पाडायची तर टोकदार कठीण हत्याराने एकाच जागी टोचत राहावे लागते. घाव जोराचा बसला तर कपचा उडतो, हलका बसला तर काहीच होत नाही. शेजारच्या खळग्या सारख्याच आकाराच्या, ओळ सरळ. म्हणजे हात सरावलेला होता आणि काय करायचे ते आधी ठरले होते. त्या ओळींचा अर्थ काय यावर मतभेद आहेत. अलीकडे काहींनी त्या दिशादर्शक असाव्यात, त्यांचा आकाशातल्या गणिताशी संबंध असावा, असे मांडले आहे. अर्थ काहीही निघो, कौशल्य वादातीत आहे. शिल्पकलेच्या इतिहासात हे धोंडे येत नाहीत, कारण त्यांच्यावर मूर्ती नाही. मला हे पटत नाही. विदर्भातल्या दगडकामाची सुरुवात सांगायची तर ती इथूनच सांगावी लागेल.

पुढची कथा विसाव्या शतकातल्या उत्खननांनी सांगितली. 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध पद्धतीने खोदली. नंतर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे काम केले; नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातल्या या माणसांच्या दफनांत कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या निघाल्या. ज्याच्याबरोबर हत्यार पुरले त्याचे त्या हत्याराशी नाते काय असेल ते वेगळे सांगायला नको. माहुरझरी तर मण्यांचे गाव. अकीक आणि कार्नेलियनचे पूर्ण मणी मिळाले, तसे अर्धवट घडलेले, भोक पाडताना फुटलेलेही मिळाले. लहानशा मण्याला आरपार भोक पाडणे आणि पुरुषभर उंचीच्या खांबाला आकार देणे, दोन्ही दगडाचीच कामे. व्हिक्टोरियन चित्रकाराला मोठे ते भव्य वाटे, म्हणून मणी त्याच्या चित्रात आला नाही. आम्ही तो या संग्रहात घेतला आहे.

नागपूरच्या आसपास अलेक्झांडर कनिंगहॅम 1873 ते 1875 या काळात फिरला. त्याच्या अहवालाचा नववा खंड 1879 मध्ये निघाला. भांदकची विजासन लेणी आणि वैनगंगेच्या काठचा मार्कंडीचा मंदिरसमूह यांची वर्णने त्यात आहेत. मार्कंडीला वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून यात्रा मोठी. मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडून वरचा भाग ढासळला आणि नंतरच्या दुरुस्तीत मूळ घडणीचा तोल गेला. कोरीव दगडांच्या ओळी मात्र अजून एकीवर एक आहेत. या जागी कनिंगहॅमसारखा मोजणीत मुरलेला माणूसही भारावला. शेवटी 1897 मध्ये हेन्री कझिन्सने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुराणवास्तूंची यादी केली. या याद्यांमुळे गावोगावच्या हेमाडपंती देवळांची नोंद झाली. चुना न घालता, दगडाला दगड अडकवून उभारलेल्या या देवळांत प्रत्येक चिऱ्याची जागा आधी ठरवून मगच तो घडवावा लागे. एक चुकला तर वरचा थर बसत नाही.

पॉइंटरच्या सिंहाशी ताडून पाहावे असे आपल्याकडे एक ठिकाण आहे, काळाने बरेच अलीकडचे. चंद्रपूरच्या लालपेठेत गोंड राजवटीच्या काळातल्या अखंड दगडाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत. लोक त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. दशमुखी दुर्गेची मूर्ती सुमारे 25 फुटांची. रायप्पा नावाच्या कोमट्याने त्या घडवून घेतल्या आणि देऊळ उभे राहण्याआधीच सगळे थांबले, अशी परंपरा आहे. तिथे गेलात तर मूर्तीच्या चेहऱ्याकडे आधी पाहू नका. कडेने फिरा, दगड कुठून सुटला, कुठली बाजू नुसती तासून सोडली, कुठे बारीक छिन्नी लागली ते पाहा. कामाचा क्रम अर्धवट मूर्तीत जितका कळतो तितका पूर्ण मूर्तीत कळत नाही. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे याच कारणासाठी मला फार आवडते. छत आधी, मग समांतर चर, चरांच्या मधे सोडलेले ठोकळे म्हणजे होणारे खांब, जमीन सर्वांत शेवटी. पाथरवट वरून खाली उतरत आला, त्याला परांची लागलीच नाही. व्हिक्टोरियन चित्रकारांनी पूर्ण झालेली, सावलीने नटलेली लेणी निवडली. अपूर्ण लेण्यांत त्यांना चित्र दिसले नाही.

आणि नावे? ती होती. चित्रे निघत होती त्याच काळात ती वाचलीही जात होती. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यालेण्यांतले लेख उतरवून घेतले. भगवानलाल आणि जेम्स बर्जेस यांचा पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचा संग्रह 1881 मध्ये आला. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात, चैत्याच्या दर्शनी भागाजवळ, हे काम कान्हाच्या शिष्याने, बालकाने केले असे कोरले आहे. गुरू आणि शिष्य दोघांचीही नावे आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. लाकडात घडवणाऱ्याचे नाव दगडाच्या चैत्यावर यावे हे योग्यच. त्या दगडी छतात लाकडी फासळ्या आजही आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान नोंदलेले आहे. कैलास लेण्याबद्दलचा पुरावा तर विलक्षण. 1883 मध्ये रा. गो. भांडारकरांनी राष्ट्रकूट कृष्णराजाच्या त्या देवळाचा उल्लेख बडोद्याच्या ताम्रपटात ओळखून दाखवला. त्यात, हे घडवून झाल्यावर खुद्द घडवणाराच आपण हे कसे केले म्हणून चकित झाला, असा आशय आहे. फिडियसला पाहुण्यांनी दिलेली दाद अल्मा-टाडेमाने कल्पनेने रंगवली. आपल्याकडे कारागिराचे आश्चर्य राजाच्या कवीने तांब्यावर नोंदवून ठेवले, आणि ते कुणी रंगवले नाही.

विसाव्या शतकात पितळखोऱ्याचा ढिगारा उपसताना म. न. देशपांडे यांना एक ठेंगणा, हसरा यक्ष मिळाला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कान्हदास नावाच्या सोनाराने हा केला, असे लिहिलेले आहे. दागिना करणारा माणूस काळ्या पाषाणात उतरला आणि नाव लिहून गेला. सोनाराची बारीक नजर त्या यक्षाच्या अलंकारांत दिसते.

तेव्हा एका बाजूला चित्रे आहेत आणि दुसऱ्या बाजूला नावे, आणि दोन्ही एकाच दशकांत उजेडात आली. चित्रे इंग्रजांच्या टेबलावर राहिली, लेखांची वाचने पंडितांच्या नियतकालिकांत. कोंडाण्याचे चित्र पाहणाऱ्याने बालकाचे नाव वाचले नाही, आणि बालकाचे नाव वाचणाऱ्याने चित्राच्या खालची ओळ बदलून घेतली नाही. या पुस्तकाच्या संपादकांनी ते काम केले आहे. प्रत्येक चित्राखाली मूळ चित्रकाराच्या नावाबरोबर दगडाची जात दिली आहे, घडणीची रीत सांगता आली तिथे सांगितली आहे, आणि जिथे कारागिराचा लेख उपलब्ध आहे तिथे त्याचे नाव सर्वांत आधी छापले आहे. माझ्या मते या संग्रहाचे सर्वांत मोठे मोल या खालच्या ओळींत आहे. वाचकाने चित्र पाहून पान उलटू नये, त्या ओळीशी थांबून पुन्हा चित्राकडे जावे. खांबाच्या कोपऱ्यात तिरप्या रेषा दिसतील, कड्यावर पाचरींच्या खाचा दिसतील, मूर्तीच्या पाठीशी न तासलेला दगड दिसेल. चित्रकाराने त्या नकळत टिपल्या आहेत.

एक काम मात्र या पुस्तकाच्या आवाक्याबाहेर राहिले. विदर्भात पाथरवट, बेलदार, वडार यांच्या घरांत अजून जुनी माणसे आहेत. सुतकी, घण, टाकी, पहार, गुण्या, ओळंबा यांची त्यांची भाषा, दगडावर हातोडी मारून आवाजावरून तो आतून फुटका आहे का हे ओळखायची त्यांची पद्धत, कुठल्या खाणीचा दगड उन्हाळ्यात घडवावा आणि कुठला पावसाळ्यानंतर, हे सारे त्यांच्याकडे आहे. जुनापाणीच्या खळग्या आणि मार्कंडीच्या पट्ट्या या लोकांना दाखवून, हे कसे केले असेल, असे विचारायला हवे. त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित करावीत, हत्यारांची रेखाटने त्यांच्या अंगणात बसून करावीत, आणि ज्याने सांगितले त्याचे नाव त्याच्या परवानगीने छापावे. या संग्रहाचा दुसरा भाग निघाला तर तो असा असावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे आणि नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्या मित्रांनाही करतो. सुरुवात टाकळघाटपासून करता येईल. गाव जवळ आहे आणि तिथल्या वर्तुळांचा अहवाल ग्रंथालयांत मिळतो.